रोज सायकलने कामावर जाताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सायकल घेण्याची घाई करू नका. आधी एका सुट्टीच्या सकाळी घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत जाऊन या. कुणाची सायकल उसनी मिळाली तर उत्तमच, नाहीतर चालत जा. मोटारीतून किंवा बसमधून वर्षानुवर्षं पाहिलेल्या रस्त्यावरचे चढ, खड्डे, गटाराची झाकणं, बंद दिवे आपल्या लक्षातच आलेले नसतात. कुठल्या चौकात वाहनं अंगावर येतात, कुठे कडेला गाड्यांची रांग लागते, कुठे रस्ता अचानक अरुंद होतो, हे बघत चला.

मोठ्या रस्त्याला समांतर जाणाऱ्या आतल्या गल्ल्या शोधा. थोडा वळसा पडला तरी चालेल. सिग्नल, चौक सगळं धरून नवीन माणसाचा वेग ताशी साधारण १५ किलोमीटर पडतो. म्हणजे ५ किलोमीटरला २० मिनिटं आणि १ किलोमीटरच्या वळशाला फक्त ४. त्या ४ मिनिटांत मोठ्या रस्त्यावरचे दोन-तीन वाईट चौक टळत असतील तर मी डोळे मिटून वळसा घेईन. जायचा आणि यायचा रस्ता एकच असला पाहिजे असंही नाही. सकाळी रिकामी असणारी गल्ली संध्याकाळी दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरलेली असते. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस जा. अंग आणि डोकं दोन्हीला सवय व्हायला वेळ लागतो.

कुठली सायकल घ्यावी

रोजच्या ये-जा करण्याला सरळ हँडलची, सस्पेन्शन नसलेली, ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद टायरची साधी सायकल पुरते. दुकानात पुढे-मागे स्प्रिंग लावलेली सायकल दणकट दिसते आणि नवखा माणूस तिच्याकडेच ओढला जातो. कमी किमतीत मिळणारं सस्पेन्शन मात्र जड असतं. पायडलवर लावलेला जोर काही प्रमाणात ते स्प्रिंगच खातं, आणि वर्षभरात त्याचे सांधे खुळखुळायला लागतात. रुंद टायरमध्ये योग्य हवा असेल तर रोजच्या खड्ड्यांचे धक्के टायरच झेलतो. स्प्रिंगचे पैसे चांगल्या टायरवर घाला.

रस्ता सपाट असेल तर एका गिअरचीही सायकल चालते. चढ असतील तर मागच्या चाकाला ७ किंवा ८ गिअर पुरे आहेत. पुढे दोन-तीन दातेरी चकत्या असल्या की आकडा फुगतो, आणि त्याबरोबर केबल, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि बिघाडही वाढतात. ब्रेकच्या बाबतीत पावसात डिस्क ब्रेक निश्चित चांगला, कारण रिम भिजली तरी त्याला फरक पडत नाही. पण निकृष्ट डिस्कपेक्षा नीट जुळवलेला व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रिमवर रबर दाबणारा) केव्हाही बरा, आणि त्याचं रबर कुणालाही बदलता येतं. फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत ना, हे विसरू नका. ही भोकं नसली तर पहिल्याच पावसात पाठीवर चिखलाची रेघ उमटते.

बजेट कमी असेल तर जुनी सायकल घ्या, पण पुढची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका:

१. हँडलखालचा सांधा आणि पायडलजवळचा सांधा बोट फिरवून बघा. रंगाला भेग किंवा सुरकुती दिसली तर फ्रेम तडकलेली किंवा वाकलेली असू शकते. अशी सायकल तिथेच सोडा.
२. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या नळीत खटखट लागली तर तिथे ढिलाई आहे. बहुतेक वेळा ती घट्ट करता येते.
३. चाकं उचलून फिरवा. ब्रेकजवळ चाक डावी-उजवीकडे डोलत असेल तर मेकॅनिककडून आउट काढून मिळतो, पण तुटलेले आरे आणि दबलेली रिम म्हणजे जास्तीचा खर्च.
४. सीटची नळी वर-खाली होते का पाहा. गंजून अडकलेली नळी काढणं फार त्रासाचं काम असतं.
५. पायडलजवळच्या सांध्याखाली बहुतेक फ्रेमवर क्रमांक कोरलेला असतो. तो खरवडलेला दिसला तर सायकल चोरीची असण्याची शक्यता आहे, घेऊ नका.

टायर घेताना त्याच्या बाजूवर छापलेला आकडा वाचायला शिका, कारण इंचांची नावं फसवतात. ३७-६२२ असं लिहिलं असेल तर टायर ३७ मिलिमीटर रुंद आहे आणि रिमवर बसणारा त्याचा व्यास ६२२ मिलिमीटर आहे. ७००सी आणि २९ इंच ही दोन वेगळी नावं, पण दोन्हींचा व्यास ६२२च. उलट २६ इंच या एका नावाखाली ५५९, ५९० असे न जुळणारे व्यास विकले जातात. दुकानात जुन्या टायरवरचा आकडा दाखवा, फेरी वाचेल.

सीटची उंची

हे काम २ मिनिटांचं आहे, तरी बहुतेक जण ते करत नाहीत आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो तेव्हा गुडघ्यात हलकी घडी राहते, आणि तीच हवी असते. एवढ्या उंचीवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून नवीन माणूस सीट खाली करतो. त्याऐवजी थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय करा. मोकळ्या मैदानात दहा वेळा केलंत की जमतं. सायकलचा आडवा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभं राहिल्यावर दांड्याच्या वर २-३ सेंटिमीटर अंतर उरत नसेल, तर ती फ्रेमच तुमच्यासाठी मोठी आहे.

पैसे कुठे घालायचे

सगळं सामान एकदम घेऊ नका. माझा क्रम सांगतो: ब्रेक आणि टायर चांगल्या स्थितीत, मग दिवे, हेल्मेट, कुलूप, पंप आणि पंक्चरचं सामान, मग मडगार्ड आणि कॅरिअर. खास कपडे अगदी शेवटी, आणि अर्ध्या तासाच्या आतल्या प्रवासाला ते लागतही नाहीत.

दिव्यांत पुढे पांढरा, मागे लाल. रस्त्यावर दिवे असतील तर पुढचा दिवा मुख्यतः इतरांनी आपल्याला पाहावं म्हणून असतो, त्याला १०० ते २०० ल्युमेन (प्रकाशाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पुरतात. अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसायचा असेल तर ४०० किंवा त्याहून जास्त हवेत. पुढचा दिवा थोडा खाली वळवा. समोरच्याच्या डोळ्यांत तो गेला तर त्याला तुमच्या बाजूचं काहीच दिसत नाही. लुकलुकणारा दिवा दिवसा छान लक्ष वेधतो, पण रात्री पुढचा दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज बांधणं अवघड जातं, आणि जर्मनीसारख्या काही देशांत सायकलला तसा दिवा लावायलाच मनाई आहे. घोट्यांना बांधायच्या चमकपट्ट्या जरूर घ्या. त्या स्वस्त असतात, आणि वर-खाली होणारी चमक पाहून मागच्या चालकाला समजतं की पुढे माणूस पायडल मारतोय. नुसत्या लाल ठिपक्यावरून ते तितक्या लवकर कळत नाही.

हेल्मेटबद्दल फार गैरसमज आहेत. किंमत वाढली की बहुधा वजन कमी होतं आणि हवा जास्त खेळते. सुरक्षिततेची किमान पातळी मानकावरून ठरते, म्हणून आत ईएन १०७८ (युरोपीय मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकी मानक) असा शिक्का असलेलं हेल्मेट घ्या. ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट सेकंदाला सुमारे ५.४ मीटर वेगाने सपाट लोखंडावर आपटतात. दीड मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर आदळावं तसा तो आघात. सायकलवरून पडण्यासाठी हे पुरेसं धरलेलं आहे, मोटारीच्या धडकेसाठी नाही. आतला फोम एकदाच चेपतो आणि त्या चेपण्यातच आघात जिरतो. म्हणून एकदा डोकं आपटलं की बाहेरून धड दिसणारं हेल्मेटही टाकून द्या, आणि वापरलेलं हेल्मेट विकत घेऊच नका. कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं बसावीत, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही व्हावा, हनुवटीखाली एक-दोन बोटंच जावीत. मागे सरकवून कपाळ उघडं टाकलेलं हेल्मेट तोंडावर पडल्यावर काही कामाचं नाही.

पाठीवरच्या पिशवीपेक्षा कॅरिअरला लटकणारी पिशवी बरी. पाठ घामाने भिजत नाही आणि वजन खाली राहतं. लांब मफलर, सैल पायघोळ किंवा पिशवीचा बंद चाकात जाणार नाही हे निघताना बघा. पँटचा पाय चेनच्या बाजूला पट्टीने बांधा.

निघण्याआधी एक मिनिट

हवा, ब्रेक, चेन. एवढे तीन शब्द रोज आठवा.

टायर अंगठ्याने दाबा. सायकलच्या ट्यूबमधून हवा आपोआपही कमी होत जाते, त्यामुळे आठवड्यातून एकदा पंपाने भरावीच लागते. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला ३७-४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास, २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५ च्या आसपास हवा ठीक वाटते. मागच्या चाकात थोडी जास्त. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

दोन्ही ब्रेक दाबा. तरफ हँडलला टेकली तर केबल आवळायची वेळ झाली. चेन महिन्यातून दोनदा फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडा, पायडल उलटं फिरवा, आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल आतल्या सांध्यात हवं. बाहेर राहिलं तर फक्त धूळ गोळा करतं. गंज सोडवायचा पातळ स्प्रे वंगण म्हणून मारू नका, तो असलेलं तेलही धुऊन नेतो.

चेन झिजली का ते पाहायला पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये तिथून १२ इंचांवर बरोबर आणखी एका पिनचा मध्य येतो. ती पिन १.५ मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. ३ मिलिमीटर पुढे गेली असेल तर तिने मागचे दातेही खाल्ले असणार, आणि मग दोन्ही बदलावं लागतं. वेळेवर बदललेली चेन म्हणजे सायकलवरची सर्वात मोठी बचत आहे.

रस्त्यावर नेमकं कुठे चालवायचं

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन सायकलस्वार भीतीने रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतो. त्याला वाटतं, जितकं कडेला तितकं सुरक्षित. मीही पहिलं वर्षभर असाच चालवत होतो, आणि त्या वर्षात जितक्या वेळा गाड्या मला घासून गेल्या तितक्या पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून गेल्या नसतील. कडेला फुटलेल्या काचा, रेती, गटाराच्या जाळ्या असतात. शिवाय तुम्ही कडेला असलात की मागच्या चालकाला वाटतं, त्याच लेनमधून आपली गाडीही निघेल. तो वेग कमी न करता तुम्हाला घासून पुढे जातो, आणि तुम्हाला बाजूला व्हायला जागाच नसते.

म्हणून कडेपासून किमान अर्धा मीटर आत चालवा, शक्यतो पाऊण मीटर. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ च्या बदलांनंतर हेच लिहिलं आहे: गर्दीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर, आणि शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत किंवा अरुंद जागी लेनच्या मधोमध. ओलांडणाऱ्या वाहनाने किती अंतर ठेवावं हेही अनेक देशांनी ठरवून दिलं आहे. फ्रान्समध्ये वस्तीत १ मीटर आणि वस्तीबाहेर १.५ मीटर, जर्मनीत २०२० पासून वस्तीत १.५ आणि वस्तीबाहेर २ मीटर. तुमच्याकडे काय नियम आहे तो एकदा वाचून ठेवा. पण हे आकडे एवढ्यासाठी सांगितले की सायकलस्वाराला रस्त्यावर खरी किती जागा लागते याचा अंदाज यावा. ती जागा मागणं म्हणजे उद्धटपणा नाही.

लेनच्या मधोमध कधी यायचं? रस्ता इतका अरुंद असेल की मागची गाडी सुरक्षित अंतर ठेवून जाऊच शकणार नाही, तेव्हा. चौकाआधी, म्हणजे कुणी तुम्हाला ओलांडून लगेच तुमच्यासमोर वळणार नाही. वर्तुळाकार चौकात. आणि उतारावर, जिथे तुमचा वेगही इतरांच्या जवळपास असतो. रस्ता पुन्हा रुंद झाला की कडेकडे सरका, मागच्यांना जाऊ द्या, जमलं तर हात दाखवा. मधोमध यायचं ते आयत्या वेळी नाही. १५-२० मीटर आधी मागे वळून पाहा, हाताने खूण करा, जागा दिसली की सावकाश सरका. मान वळवली की हँडलही त्याच बाजूला ओढलं जातं, म्हणून हे आधी रिकाम्या रस्त्यावर रेघ धरून शिका. एका हाताने सरळ चालवता आल्याशिवाय गर्दीत जाऊ नका.

आणि रेषेत चाला. कडेला उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरायचं, पुढची गाडी आली की पुन्हा बाहेर यायचं, असं नागमोडी चालवणं फार धोक्याचं आहे, कारण मागच्याच्या दृष्टीने तुम्ही गायब होता आणि अचानक उगवता.

उभ्या गाड्यांची दारं

दुसऱ्या वर्षी एका उभ्या गाडीचं दार माझ्यासमोर उघडलं. वेग फार नव्हता, तरी मनगट मोडलं आणि दीड महिना सायकल बंद. चालकाची चूक होती, पण मी गाडीपासून हातभर अंतरावरून चाललो होतो हेही खरं. मोटारीचं दार पूर्ण उघडलं की सुमारे १ मीटर जागा खातं. त्यात तुमच्या हँडलची अर्धी रुंदी मिळवा. उभ्या गाड्यांपासून तुमच्या चाकाचं अंतर दीड मीटर हवं. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी या अंतरात तडजोड करू नका. मागचा चालक तुम्हाला पाहतोय म्हणूनच हॉर्न वाजवतोय. दार उघडणारा तुम्हाला पाहत नाही.

तितकं अंतर मिळत नसेल तर चालण्याच्या वेगाने जा आणि गाड्यांच्या मागच्या काचांतून आत बघा. आत डोकं दिसतंय का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, चाकं वळलेली आहेत का? टॅक्सी थांबली की दोन्ही बाजूंची दारं उघडू शकतात. आणि तुम्ही स्वतः गाडीतून उतरताना दारापासून लांब असलेल्या हाताने दार उघडा. अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. नेदरलँड्सच्या नावाने ही पद्धत डच रीच म्हणून ओळखली जाते. घरातल्या मुलांना ही सवय लावा.

वळणारी वाहनं आणि ट्रक

चौकात दोन प्रसंग वारंवार येतात. एक, तुम्हाला ओलांडून गेलेली गाडी लगेच तुमच्या समोरून कडेकडे वळते. दुसरा, समोरून येणारी गाडी तुमच्या रेषेला छेदत आडवी वळते, कारण तिच्या चालकाने मोटारी बघितल्या, सायकल नाही, किंवा तुमचा वेग कमी धरला. दोन्हींवर उपाय एकच: चौकाआधी लेनच्या मध्यावर या, बोटं ब्रेकवर ठेवा, आणि चालकाच्या चेहऱ्याऐवजी गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघा. नजरानजर झाली म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंच असं नसतं. चाक फिरायला लागलं की मात्र गाडी निघाली हे नक्की.

ट्रक आणि बसचं प्रकरण वेगळं आहे. लांब वाहन वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूने छाटून जातात. सिग्नलला उभ्या ट्रकच्या आणि कडेच्या मध्ये जी मोकळी फट दिसते, ती ट्रक वळायला लागताच नाहीशी होते. चालक उंचावर बसलेला असतो आणि दरवाजाखालचा तो भाग त्याला आरशातही पूर्ण दिसत नाही. त्या फटीत कधीच शिरू नका, पुढे सायकलसाठी रंगवलेली जागा असली तरीही. मागे थांबा. ट्रकचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर त्याला तुम्ही दिसत नाही. आणि ट्रक येऊन तुमच्याच शेजारी थांबला, तर उतरून पदपथावर चढायला लाजू नका. मी आजही असंच करतो.

रस्त्याचा पृष्ठभाग

रूळ ओलांडताना शक्य तितक्या काटकोनात जा. तिरके गेलात तर पुढचं चाक खाचेत अडकतं आणि माणूस सरळ खाली येतो. रूळ ओले असतील तर त्यावर ना ब्रेक मारायचा, ना हँडल वळवायचं. लोखंडी झाकणं, रंगवलेले पट्टे, ओली पानं यांचंही तसंच. गटाराच्या जाळीच्या फटी जाण्याच्या दिशेला समांतर असतील तर अरुंद टायर आत जातो, अशा जाळ्यांच्या जागा लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे ते खड्डाच समजा.

खड्डा टाळता येत नसेल तर त्यात ब्रेक मारू नका. ब्रेक आधी मारा, खड्ड्याच्या तोंडाशी सोडा, सीटवरून थोडं उठा, कोपर आणि गुडघे सैल ठेवा. नजर खड्ड्यावर खिळवू नका, बाजूच्या धड रस्त्यावर ठेवा. सायकल नजरेमागे जाते.

कुत्रं मागे लागलं तर घाबरून वेग वाढवला की ते आणखी जोरात धावतं. मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे थांबून उतरणं, सायकल मध्ये धरणं आणि शांतपणे चालू लागणं. पाठलाग संपला की बहुतेक कुत्र्यांचा रस संपतो.

ब्रेक मारायला शिका

ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. धोका दिसून बोटं हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढं अंतर ब्रेक न लागताच गेलं. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी सुमारे ३ मीटर लागतात. एकूण साडेआठ-नऊ मीटर, म्हणजे साधारण दोन मोटारींची लांबी. गर्दीत बोटं कायम ब्रेकवर का ठेवायची, ते या हिशेबातून कळतं.

पुढचा ब्रेक लावला की पालथे होऊ, या भीतीने अनेक जण फक्त मागचा वापरतात. ब्रेक लागताच अंगाचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं, आणि थांबण्याची खरी ताकद पुढच्याच चाकात असते. मोकळ्या जागी सराव करा: दोन्ही ब्रेक लावायचे, पुढच्यावरचा दाब हळूहळू वाढवायचा, हात ताठ ठेवून अंग मागे सरकवायचं. मागचं चाक घसरतंय असं वाटलं की पुढचा जरा सोडायचा. वळणावर मात्र ब्रेक लावायचाच नाही, वेग वळणाआधीच कमी करायचा. उसन्या किंवा परदेशातल्या सायकलवर बसताना पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते आधी तपासा, देशादेशांत तो वेगळा असतो.

पावसात रिमवरच्या ब्रेकला आधी पाणी पुसून काढावं लागतं, मग तो पकडतो. म्हणून ओल्या रस्त्यावर थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या आणि अंतर दुप्पट ठेवा. बऱ्याच दिवसांनी पाऊस आला की पहिली काही मिनिटं रस्ता सर्वात निसरडा असतो, कारण साचलेलं तेल आणि धूळ वर येते. तेवढा वेळ आडोशाला थांबलात तरी चालेल.

कुलूप

पातळ केबलचं कुलूप छोट्या कटरने काही सेकंदांत तुटतं. ते दुकानासमोर दोन मिनिटं उभं राहण्यापुरतं. दिवसभर सायकल बाहेर राहणार असेल तर कडक पोलादाचं यू आकाराचं कुलूप घ्या, आणि त्यातलं लहान घ्या. आत मोकळी जागा कमी उरली की हत्यार घालायलाही जागा उरत नाही. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही पक्क्या खांबाला अडकवा. पुढचं चाक नुसतं अडकवलंत तर चोर चाक मागे ठेवून सायकल नेतो. खांब जमिनीत गाडलेला आहे ना आणि वरून सायकल उचलून काढता येत नाही ना, हेही हलवून बघा. सायकलचा क्रमांक आणि एक फोटो फोनमध्ये ठेवा. चोरीची तक्रार देताना पहिल्यांदा तेच विचारतात.

पंक्चर

सीटखाली लहान पिशवीत एक तयार ट्यूब, टायर रिमवरून काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि चाकांना नट असतील तर पाना. रस्त्यावर पंक्चर जोडत बसू नका, ट्यूब बदला आणि जुनी घरी जाऊन जोडा. घरी एकदा दोन्ही चाकांवर सराव करा. मागचं चाक काढताना आधी चेन सर्वात लहान दातेरी चकतीवर आणा, सोपं जातं.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, किंवा फडकं फिरवा म्हणजे बोट कापणार नाही. काटा किंवा काच तिथेच असते, आणि ती न काढता नवी ट्यूब घातली तर पाच मिनिटांत तिलाही भोक पडतं. टायर शेवटी रिमवर चढवताना लिव्हर वापरू नका, अंगठ्यांनी ढकला. लिव्हरने ट्यूब चिमटते. हवा पूर्ण भरण्याआधी सगळीकडून टायर हलवून ट्यूब बाहेर डोकावत नाही ना, ते पाहा.

पडलात तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा आणि बसा. लगेच उठून "काही नाही झालं" म्हणत निघून जाण्याची घाई सगळ्यांनाच होते. दहा मिनिटं थांबा, कारण सुरुवातीला दुखणं जाणवत नाही. वाहनाने धडक दिली असेल तर त्याचा क्रमांक, जागेचे फोटो आणि पाहणाऱ्या एखाद्याचा फोन नंबर घ्या. डोकं आपटलं असेल आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर डॉक्टरकडे ताबडतोब जा. त्या रात्री घरात कुणीतरी सोबत असू द्या.

मग सायकल. पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल सरळ करा, दोन्ही चाकं फिरवून ती ब्रेकला घासत नाहीत ना ते पाहा, ब्रेक दाबा, आणि बाजूने उभं राहून पुढच्या फोर्ककडे (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) नीट नजर टाका. तो मागे वाकलेला दिसला, किंवा चाक फ्रेमच्या जवळ आलं असेल, तर त्या सायकलवर बसू नका. हातात धरून चालवत मेकॅनिककडे न्या.